निगेटिव्ह काढून ठेवलेली गाडी

गाडीची बॅटरी उतरलेली निघाली असती, तर मी कुणाला एका शब्दानं बोलले नसते. इतके महिने उभी असलेली गाडी, तिची बॅटरी उतरणारच, असं म्हणून गल्लीतल्या चार जणांना धक्का मारायला बोलावलं असतं, त्यांना चहा पाजला असता आणि विषय तिथंच संपला असता. पण बॅटरी ठणठणीत होती. माझा घरच्या माणसांवरचा विश्वास उडाला तो त्या ठणठणीत बॅटरीमुळं, आणि तो अजून जागेवर आलेला नाही.

झालं असं की मुलीचं बाळंतपण बंगळुरूला व्हायचं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, मागं ओढणारं कुणी नव्हतं, म्हणून पावसाळा सरता सरता सहा-सात महिन्यांच्या तयारीनं निघाले. प्रश्न उरला गाडीचा. जालन्यात आमच्या कॉलनीत गाडी रस्त्यावरच लावावी लागते. पोरं तिच्यावर चेंडू मारतात, कुत्री बॉनेटवर झोपतात, आणि समोरच्या बाईंनी एकदा तिच्या टपावर कुरडया वाळत घातल्या होत्या. मी घरात असताना एवढं, तर मी नसताना काय, याचा विचारच करवेना. मग गाडी माहेरी नेऊन ठेवायचं ठरलं.

माहेर अंकुशनगरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. घरात वडील, धाकटा भाऊ आणि भावजय. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आमच्या बौद्धवस्तीत खाकी कपडे घालून पगार घरी आणणारे ते पहिले. कितीतरी वर्षं त्यांच्याकडं जांब समर्थची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी न्यायची, रात्री तिथंच झोपायचं, सकाळी पोरांना आणि दूधवाल्यांना घेऊन परत यायचं. त्या रस्त्यावरचा खड्डान् खड्डा त्यांच्या ओळखीचा. आता त्यांच्या एका डोळ्याला दिसत नाही, दुसऱ्याला धूसर दिसतं आणि गुडघे तर कधीचे गेलेत. दवाखाना सोडला तर ते कवाडाबाहेर पडत नाहीत. कधी मी गाडीतून नेलं तर डावीकडच्या सीटवर ताठ बसतात आणि समोर बैल आडवा आला की उजवा पाय दाबतात. तिथं ब्रेक नसतो, तरी दाबतात.

गाडी अंगणात लिंबाखाली लावली तेव्हा अण्णा खाटेवरूनच म्हणाले, "निगेटिव्ह वायर काढून ठेव. म्हंजे बॅटरीची काळजी न्हाई."

"नुसती उभी राहिली तर उतरते का?" भावानं विचारलं. त्याचं स्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. मोबाइलमधलं त्याला सगळं कळतं, गाडीतलं पेट्रोल टाकण्याइतकं.

"उभ्या गाडीतबी घड्याळ चालतंय, लॉक चालतंय. थोडं थोडं खातच राहतंय ते. अन् तू पाच मिनिटं चालू करून बंद केली तर अजूनच खाईल. चालू करायला जेवढी लागती, तेवढीबी भरून येत न्हाई. गाडी पळली पाह्यजे, अर्धा तास तरी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्याच्यापरीस निगेटिव्ह काढ. आधी निगेटिव्ह, कायम. लावताना ती शेवटी. झंझटच न्हाई."

अण्णांचं बरोबर होतं. दहा नंबरचा पाना घेऊन दोन मिनिटांत काम झालं असतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. मी म्हणाले, "कशाला काढायची? दर रविवारी जांबच्या रस्त्याला एक चक्कर मारत जा ना. अण्णांना सोबत घे. गाडी पळेल, बॅटरी भरेल."

खरं सांगायचं तर मला बॅटरीचं काही पडलेलं नव्हतं. मला अण्णांना रस्त्यावर आणायचं होतं. पण 'अण्णांना फिरवून आण' असं म्हणावं, तर भावाचा पारा चढायचा. मी काय करत न्हाई का त्यांचं, तू लांबून हुकूम सोडू नको, असं ऐकून घ्यावं लागलं असतं. आणि अण्णा म्हणाले असते, माझ्यापायी पेट्रोल कशाला जाळता. बॅटरीचं नाव पुढं केलं की दोघांचाही मान राहत होता. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

भाऊ लगेच तयार झाला. "ताई, तू बिलकुल टेन्शन घेऊ नको. दर रविवारी नेतो अण्णाला. अन् तुला व्हिडिओबी पाठवत जातो, मंग तर झालं?"

व्हिडिओचं त्याचंच डोकं होतं. मी मागितला नव्हता, हे मी आजही सांगते.

बंगळुरूला रविवारी दुपारी व्हिडिओ यायचा. छोटासाच. आधी भावाचा हात किल्ली फिरवताना, मग इंजिनाचा आवाज, मग पांढरंशुभ्र बॉनेट, मग काचेतून आत बसलेले अण्णा. अण्णा हात वर करायचे, एसटीचे ड्रायव्हर समोरच्या गाडीला करतात तसा. कधी त्यांच्या अंगात पांढरा सदरा, कधी चौकड्याचा. भावाच्या शर्टाच्या बाह्याही बदललेल्या. थंडी सुरू झाली तसा एका रविवारी अण्णांच्या अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर आला. मी तो व्हिडिओ मुलीला दाखवला, जावयाला दाखवला, खालच्या मजल्यावरच्या तमिळ आजींनाही दाखवला. त्यांना एक शब्द कळला नाही, पण त्याही हसल्या. बॉनेट इतकं स्वच्छ, की मी भावाला लिहिलं, गाडी पुसून ठेवतोस, बरं वाटलं. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

संध्याकाळी मी फोन करायचे आणि अण्णांना सगळं विचारायचे.

"गेल्तो की माय. आज उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता धरला व्हता. लई येळ लागला."

"चहा घेतला का?"

"घेतला. त्याच हाटेलात, वडाच्या वळणावर. म्हतारा आता बसत न्हाई, त्याचं पोरगं बसतंय गल्ल्यावर. आलं लई टाकतंय ते."

दुसऱ्या एका रविवारी त्या पोरानं अण्णांना ओळखलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला जांबचा एक जुना प्रवासी भेटला, तो म्हणाला, तुमच्या गाडीनं मी शाळेला जायचो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. नातीला मांडीवर घेऊन मी तिला सांगायचे, तुझे पणजोबा आज फिरून आले बरं. मुलगी म्हणायची, आई, तू तर अण्णांचंच बाळंतपण करायला आलीस. एवढं ते माझ्या मनात भरलेलं होतं.

एप्रिलमधल्या जयंतीला वस्तीत असावं म्हणून मी त्याच्या आधी परतले. भाऊ अंबडच्या स्टँडवर घ्यायला आला, तो मोटारसायकलवर. माझ्याजवळ दोन बॅगा, त्यातली एक माहेरच्यांसाठी घेतलेल्या वस्तूंनी फुगलेली.

"गाडी काऊन न्हाई आणली?" मी विचारलं. माहेरी पाय टेकला की माझी भाषा आपोआप बदलते.

"दोन चाकात हवा कमी हाय, ताई. भरतो आज-उद्या." तो पुढं बघत म्हणाला.

तो मला कवाडाशी सोडून दुकानावर गेला. भावजयीनं पाणी दिलं, अण्णांच्या पाया पडले, बाळाचे फोटो दाखवले. अण्णा फोटो डोळ्याजवळ नेऊन बघत राहिले. मी म्हटलं, चला, गाडी काढते, आज मीच नेते तुम्हाला. त्यांनी फोटो पुन्हा डोळ्याजवळ नेला. मी किल्ली खिळ्यावरून काढली आणि अंगणात गेले.

आमच्याकडं ऊस तुटून गेला की शेतकरी मागं राहिलेलं पाचट पेटवतात. दिवाळीनंतर सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत. त्याची काळी राख वाऱ्यानं गावभर उडते. धुणं वाळत घातलेलं असो की भाकरीचं पीठ उघडं असो, तिच्यातून काही सुटत नाही. आईचा अर्धा जन्म त्या राखेला शिव्या देण्यात गेला. गाडीवर मी कव्हर घातलं होतं, त्यावर ही राख थरावर थर बसली होती. दवानं भिजून, उन्हानं वाळून तिची खपली धरली होती. दोऱ्यांच्या गाठी दगड झाल्या होत्या. एका बाजूच्या घडीत कोंबडीनं बसायची जागा केलेली. कव्हर ओढलं तसं पापुद्रे पडले.

तरी मी स्वतःची समजूत घालत होते. शेवटचे दोन-चार रविवार चुकले असतील. माणूस आहे, दुकान आहे. किल्लीचं बटण दाबलं तर दार उघडलं नाही. म्हटलं, उतरली बॅटरी. किल्ली घालून दार उघडलं, आतून कोंदट वास आला, घड्याळाची जागा काळी. बॉनेट उघडलं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली होती. निघालेली नव्हती, काढलेली होती. तिच्या टोकाला खाकी कापडाचं फडकं नीट गुंडाळलेलं आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. वायर बाजूला वळवून ठेवलेली, चुकूनही बॅटरीला लागू नये अशी. तिच्यापासून बॅटरीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि त्या जाळ्यावरही धूळ होती.

अण्णांचे जुने युनिफॉर्म फाटले तशी त्यांची फडकी झाली, आणि ती खाकी फडकी घरात दुसरं कुणी वापरत नाही. ट्यूबच्या पट्टीची गाठ मारायची त्यांची पद्धत मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझं दप्तर त्याच गाठीनं कॅरिअरला बांधलेलं असायचं. आणि जिची निगेटिव्ह काढलेली आहे, ती गाडी दर रविवारी जांबला जात नाही.

मी फडकं सोडलं, बॉनेटच्या कडेला टाकलं. अण्णांच्या पेटीतून दहाचा पाना आणून वायर जोडली. किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली, दुसऱ्यांदा लागली. घड्याळात बारा वाजले होते. ते शून्यापासून सुरू झालं होतं. तिथंच सीटवर बसून मी मोबाइल काढला आणि सगळे व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघितले.

प्रत्येक व्हिडिओत बॉनेट पांढरंशुभ्र. पौषात, माघात, जेव्हा आमच्या गावात पांढरी कोंबडीसुद्धा काळी होते, तेव्हाही. माझा जन्म त्या राखेत गेला आणि मला ते दिसलं नव्हतं. मग स्वेटरचा व्हिडिओ आला. मी तो थांबवून मोठा केला. स्वेटर आणि मफलर घातलेल्या अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. भर ऑक्टोबरच्या उन्हात, बंद काचेच्या गाडीत त्यांना बसवलं होतं. एकाच दिवशी, शर्ट बदलून बदलून सगळं उरकलेलं. आणि ते दर वेळी हात वर करत होते.

भाऊ दुपारी जेवायला आला. गाडी सुरू होती, त्याला कळलं. मी ओरडले नाही. मला ओरडता येतं, पण मी स्वेटरचा व्हिडिओ त्याच्यापुढं धरला.

"एका दिवसात काढलेस ना सगळे?"

तो चपला काढत राहिला. मग म्हणाला, "रविवारी बाजार असतोय, ताई. सगळा धंदा त्याच दिवशी. दुकान बंद करून मी जांबला जाऊ का?"

"मग सोमवारी जायचं. मला सांगायचं, जमत न्हाई म्हून. मी दुसरं काही केलं असतं."

"तुला सांगितलं तर तू अर्धा तास भाषण देती." तो म्हणाला. आणि मग त्यानं मलाच विचारलं. "तुला बॅटरीची काळजी व्हती ना? बॅटरी चांगली हाय की. गाडी लागली का न्हाई? मंग बिघडलं काय?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. माझाच शब्द, माझाच बहाणा, त्यानं धुऊन-पुसून माझ्या हातात दिला. तो जेवायला बसला आणि पोटभर जेवला.

पण भावाचा राग हा राग होता. लहानपणीही तो माझ्या वाटणीचा गूळ खाऊन तोंड पुसून बसायचा. अण्णांचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. त्यांनी मला वडाच्या वळणावरचा चहा पाजला होता. आलं जास्त झालेला. तो मी महिनोन् महिने प्याले होते.

ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसले. "अण्णा, त्यानं फसवलं ते फसवलं. तुम्हीपण?"

ते हाताच्या शिरा चोळत राहिले.

"तो म्हनला, ताईला बरं वाटंल. मी म्हनलं, बरं. मंग दर रविवारी तू इचारायची. काय सांगू तुला? गेलो न्हाई म्हनलं, की तू त्याला फोन करशील. तुमचं वाजंल. तुझं फोनवर वाजंल माय, माझ्या तर ताटासमोर वाजंल."

"म्हणून खोटं बोलायचं? माझ्याशी?"

"तू चार दिस राहशील अन् जाशील. मला हितंच राहायचं हाय. त्याच्याच हातची भाकर खायची हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वेळापत्रक सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "निगेटिव्ह मात्र त्याच दिशी काढली मी. म्हनलं, गाडी तरी चांगली राहू दे."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी मला फसवल्यासारखंच वाटलं, दोघांनी मिळून, एका बाजूला बसून, आणि मी दुसऱ्या बाजूला एकटी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तोच समोरच्या पार्टीत. मी उठले. म्हटलं, "चला. गाडी चालू हाय."

हवा भरायला आधी पंक्चरवाल्याकडं गेलो. अण्णा मुकाट्यानं येऊन बसले होते. बॉनेटच्या कडेला मी फेकलेलं फडकं चढताना त्यांनी उचललं, एवढं मी पाहिलं. मग आम्ही जांबच्या रस्त्याला लागलो.

कापलेल्या उसाची काळी शेतं दोन्हीकडं होती. अण्णा धूसर डोळ्यानं पुढं बघत होते आणि ट्रॅक्टर आडवा आला की पाय दाबत होते. थोड्या वेळानं ते एकेक जागा बोटानं दाखवायला लागले. हा फाटा, हा ओढा, इथं एकदा टायर फुटलं होतं आणि वऱ्हाड पायी गेलं होतं. आवाज मोकळा झाला होता. मला ते आवडत होतं आणि आवडतंय याचाही राग येत होता.

वडाच्या वळणावर मी गाडी हळू केली. तिथं वड नव्हता. रस्ता रुंद झाला होता, दोन्ही बाजूंना खडी पडली होती, आणि हॉटेलच्या जागी मोकळी माती होती. अण्णांनी काच खाली केली. डोळ्यावर हात धरून त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"हाटेल हितंच व्हतं ना?" त्यांनी मला विचारलं.

दर रविवारी जिथं चहा प्यायले, ते हॉटेल त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "असेल." पुढं एका टपरीवर आम्ही चहा घेतला. आलं घातलेलं नव्हतं. त्यांनी दोन कप घेतले.

परत येईस्तोवर ऊन उतरलं होतं. लिंबाखाली गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. मी मनाशी ठरवत होते की या वेळी निदान महिनाभर तरी राहायचं, रोज न्यायचं यांना, भावाच्या नाकावर टिच्चून न्यायचं. सकाळीच मुलीचा फोन येऊन गेला होता, की बाळाला बघायला बाई मिळत नाही, आई तू कधी येतेस. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

अण्णा उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "जयंती झाली की जाशील ना?"

"न्हाई अण्णा. राहणार हाय मी."

"बरं." ते म्हणाले. मग दार उघडून एक पाय बाहेर टाकला आणि सदऱ्याच्या खिशातून ते खाकी फडकं काढलं. घडी घातलेलं होतं, आत ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. जांबच्या रस्त्यानं जाताना आणि येताना ते त्यांच्या खिशातच होतं.

"दहाचा पाना दे," ते म्हणाले. "निगेटिव्ह काढून ठेवतो."